चाकांच्या सिनेमातला आवाज

धाकटीच्या आवडीची सगळी गाणी तिच्या जन्माच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच वाजून, गाजून, विसरली गेली होती. त्याला तिचा इलाज नव्हता. वर्गातल्या मुली काल आलेल्या गाण्यावर आज नाचायच्या आणि उद्या त्याला कंटाळायच्या; धाकटीला मात्र ऐंशीच्या दशकातलीच गाणी लागत. ड्रम रिकाम्या हॉलमध्ये वाजवल्यासारखा घुमला पाहिजे, त्यावर कीबोर्डचा तो काचेसारखा सूर हवा, आणि गाणाऱ्याने असं जीव तोडून गायला हवं की जणू बस सुटतेय आणि त्याचं माणूस आत बसलंय. थोरला भाऊ तिला ‘कॅसेट’ म्हणायचा. चिडवायला म्हणून त्याने ते नाव काढलं, पण ते तिला इतकं आवडलं की त्याची मजाच गेली.

हा नाद लागला मामामुळे. मामाची एके काळी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. ती बंद पडूनही जमाना झाला. मामा आता पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होता. दुकान सोडताना उरलेल्या अकरा खोक्यांचं काय करायचं हा प्रश्न त्याने सरळ बहिणीच्या माळ्यावर ढकलून दिला होता. बारा वर्षांची असताना धाकटी एका सुट्टीत माळ्यावर चढली ती संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही. मग मामाने जुना प्लेयर साफ करून टीव्हीला जोडून दिला, आणि आईने त्याबद्दल त्याला आजवर माफ केलेलं नाही.

खोक्यांत मारामारीचे सिनेमे होते, भुताखेतांचे होते. धाकटीने उचलले ते वेगळेच. ज्यात म्हटलं तर काहीच घडत नाही. एक मुलगी शाळेचं शेवटचं वर्ष काढते, मैत्रिणीशी भांडते, नको त्याच्यावर जीव लावते, बापाशी अबोला धरते, आणि सिनेमा संपतो तेव्हा वर्षाने मोठी झालेली असते. एवढंच. बाबा एकदा शेजारी बसून अर्धा तास बघत होते. अजून सुरू कधी होणार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा धाकटी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

त्यातला एक सिनेमा तर तिचा जीव की प्राण. परदेशी, पण आपल्या भाषेत आवाज दिलेला. एका लहान गावात चाकांच्या बुटांवर घसरायचा हॉल असतो, आणि हॉलवाल्याची मुलगी काउंटरवर बसून येईल त्याला मापाचे बूट देते. हॉल बंद पडायला आलेला असतो. घरात त्याला ‘चाकांचा सिनेमा’ म्हणत. धाकटीने तो किती वेळा पाहिला याची मोजदाद दादाने पन्नासनंतर सोडून दिली.

तिचा पाय मोडला तोही याच सिनेमापायी. त्यातली मुलगी एकदा रिकाम्या हॉलमध्ये एकटीच गाणं लावून घसरते. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून धाकटीने तेच गाणं मोठ्याने लावलं, पायांत मोजे चढवले, आणि सोफ्याच्या हाताला रेटा देऊन गुळगुळीत फरशीवर स्वतःला सोडून दिलं. पहिली घसरण अप्रतिम झाली. दुसऱ्या वेळी घोटा वळला आणि आतून कट्टकन आवाज आला. आईला तिने बाथरूममध्ये पाय घसरल्याचं सांगितलं. आई गणित शिकवायची. तिने कोरड्या ठणठणीत बाथरूमकडे पाहिलं, अजून वाजत असलेल्या गाण्याकडे पाहिलं, आणि प्लॅस्टर होईपर्यंत एक शब्द काढला नाही. त्यानंतर मात्र सगळी कसर भरून काढली.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं आणि व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायचं ठरलं. दवाखाना टाइल्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. मोडक्या पायांचा दवाखाना जिना चढून का काढलाय, हा प्रश्न प्रत्येक पेशंटला पडे आणि डॉक्टर प्रत्येकाला सांगत की हा पहिला व्यायाम समजा. वर गेलं की समोर काचेचं काउंटर, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि काचेवर सूचनांचे इतके कागद चिकटवलेले की मागे बसलेल्या बाईंचा फक्त चष्मा दिसे. धाकटी पहिल्या दिवशी काठी टेकत तिथे पोचली. भोकातून आवाज आला.

“नंबर सांगा.”

धाकटी जागच्या जागी थिजली. मागच्या आजोबांची काठी तिच्या पाठीला लागली तरी हलेना. ‘नंबर सांगा’ हे चाकांच्या सिनेमातलं पहिलंच वाक्य होतं. ती मुलगी बुटांच्या मापाचा नंबर विचारायची, या बाई रांगेतला. पण ‘सांगा’वर येऊन आवाज जो किंचित वर उचलला जायचा, जणू समोरचा काहीतरी भलतंच सांगणार याची खात्रीच आहे, ते उचलणं तेच होतं. आवाज जाड झाला होता, कडेने खरखरत होता. पण एखाद्याची चाल लांबून ओळखावी तसा तिने तो ओळखला.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला की हाडाचा परिणाम डोक्यावर झालाय. तिने पुरावा गोळा करायचं ठरवलं. सिनेमात मुलगी हॉलच्या दारात उभी राहून पोरांना म्हणते, ‘आज बंद आहे, उद्या या’. दवाखाना संध्याकाळी बंद व्हायच्या ऐन वेळेला धाकटीने फोन लावून दादाच्या कानाशी धरला आणि आत्ता येऊ का म्हणून विचारलं. पलीकडून आवाज आला, “आज बंद आहे, उद्या या.” धाकटीचे डोळे भरून आले. दादाचं म्हणणं पडलं की हे वाक्य गावातला प्रत्येक दुकानदार म्हणतो. तरी फोन ठेवल्यावर त्याने हाडाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

चौथ्या खेपेला तिने धीर करून काचेच्या भोकाशी तोंड नेलं आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही कधी सिनेमात आवाज दिला होता का?”

काचेमागचा चष्मा स्थिर झाला. मग बाईंनी शांतपणे सांगितलं की तिचा काहीतरी गैरसमज होतोय, आणि पुढच्याचा नंबर पुकारला. धाकटी हिरमुसली. व्यायामात तिचं लक्ष लागेना. पायाच्या बोटांनी टॉवेल उचलायचा होता, तो तिने तीनदा टाकला.

पण त्यानंतरच्या खेपेला गंमत झाली. धाकटी आतल्या पडद्याआड घोट्यावर शेकाची पिशवी ठेवून वीस मिनिटं पडून राहायची. त्या दिवशी पडदा सरकला आणि बाई आत आल्या. पहिल्यांदाच त्या काचेबाहेर दिसत होत्या: साठीला टेकलेल्या, बुटक्या, स्वेटरच्या खिशात दोन पेनं. त्यांनी पिशवी नीट केली, जी नीटच होती. स्टूल ओढलं.

“कुठे पाहिलास तू तो?” त्यांनी विचारलं.

आणि मग पुढच्या चार-पाच खेपांत, शेकाच्या वीस-वीस मिनिटांत, सगळं बाहेर आलं. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या आणि टायपिंगच्या क्लासला जात होत्या. शेजारचे एक काका आवाज भरायच्या स्टुडिओत कामाला होते. परदेशी सिनेमातल्या मुलीसाठी ठरलेली बाई ऐन वेळी आली नाही म्हणून काकांनी हिला नेलं, कारण गच्चीवरून धाकट्या भावंडांना हाका मारतानाचा हिचा आवाज त्यांच्या कानात बसला होता. माइकचा स्टँड अडकलेला, तो खाली येईना, म्हणून हिला लाकडी खोक्यावर उभं केलं. तीन आठवडे हे चाललं. घरी सगळ्यांना वाटत होतं की पोरगी टायपिंगमध्ये फारच मन लावतेय.

पूर्ण सिनेमा त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. तुकडे दाखवत, तेही उलटसुलट. आज भांडण, उद्या त्याच्या आधीची मैत्री. त्या दिवसापुरते कागद हातात मिळत आणि संध्याकाळी परत घेत. सिनेमा गावातल्या थिएटरला लागला तेव्हा वडिलांना विचारायचा धीर होईतो आठवडा गेला आणि सिनेमाही उतरला. नावं झळकतात त्या पाट्यांत यांचं नाव नव्हतंच.

धाकटी हे सगळं अधाशासारखं ऐकायची. मधेच तिला वाटायचं, आपण शेकाची पिशवी घोट्यावर ठेवून झोपलोय की कुठल्या सिनेमात आहोत. एका खेपेला तिने बाईंना आपला सगळ्यात मोठा शोध सांगितला. शेवटच्या दोन प्रसंगांत त्या मुलीचा आवाज बदलतो. अगदी थोडा, पण बदलतो. खोल होतो, सावकाश होतो. सगळं वर्ष अंगावरून गेल्यावर ती मुलगी आता मोठी झाली, हे दिग्दर्शकाने एक शब्द न बोलता नुसत्या आवाजातून दाखवलंय. धाकटीने यावर शाळेत सहा पानी निबंध लिहिला होता आणि तिथल्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

काउंटरच्या बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी गंभीर झाला, मग हळूहळू ओठांचे कोपरे हलले, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की पलीकडच्या पडद्यातल्या पेशंटने काय झालं म्हणून विचारलं.

“अगं बाळ, माझा घसा बसला होता,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “ताप भरला, आवाज पार गेला. दोन दिवस थांबले माझ्यासाठी, मग त्या रेकॉर्डिंगवाल्याने आपल्या मेहुणीला उभं केलं.”

धाकटीही हसली, कारण दुसरं काय करणार. पण जिना उतरताना तिला प्रत्येक पायरीला वाटलं की आतून काहीतरी काढून घेतलंय. चार वर्षं ती ज्याला मोठं होणं समजत होती तो कुणाचा तरी बसलेला घसा होता आणि कुणाची तरी मेहुणी होती. घरी येऊन तिने कॅसेट खोक्यात टाकून दिली.  दादाने काय झालं म्हणून खोदून विचारलं, आणि कळल्यावर चक्क चिडवलं नाही. त्यावरून आईला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती तिथे जाऊन बसली. बाबा भिंग घासत होते. तिने मान खाली घालून त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी भिंग प्रकाशाला धरलं आणि विचारलं, पण तुला तो बदल ऐकू आला होता ना? आला होता, ती म्हणाली. मग ठीक आहे, बाबा म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले. या उत्तराने तिचं समाधान झालं असं नाही. उलट सिनेमा कधी सुरू होणार म्हणून विचारणाऱ्या माणसाकडे आपण आलोच कशाला, असंही तिच्या मनात आलं. पण घरी गेल्यावर तिने फक्त शेवटचे दोन प्रसंग लावले. आवाज बदलला. मेहुणी आहे हे माहीत असूनही ती मुलगी तिच्यासमोर मोठी झाली. धाकटीला स्वतःचाच राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

मग तिला सुचलं की ज्या बाईने त्या मुलीला आवाज दिला तिनेच तो सिनेमा अजून पाहिलेला नाही. पुढच्या खेपेला तिने बाईंना रविवारी घरी यायचं आमंत्रण दिलं. बाईंनी नाही-नाही म्हटलं, मग किती वाजता म्हणून विचारलं, आणि शेवटी दटावलं की येते, पण मॅडम म्हणू नकोस, मावशी म्हण.

रविवारी दुपारी मावशी संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. मामा सकाळपासून हजर होता. प्लेयर उघडून, कापसाने आतले भाग पुसून, आपल्यामुळेच हा दिवस आल्याचं तो तीनदा बोलून दाखवत होता. आईने चहा ठेवला. बाबांनी पडदे ओढले. दादा आपल्याला अभ्यास आहे म्हणून सांगून दारातल्या खुर्चीवर बसला आणि उठलाच नाही.

“नंबर सांगा,” टीव्हीतली मुलगी म्हणाली.

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला तो मग हातात घेतलाच नाही. धाकटी सिनेमा बघतच नव्हती; ती मावशींकडे बघत होती. त्या भलत्याच ठिकाणी हसत. टीव्हीवर मुलगी रडायला लागली की या खुदखुदत, कारण त्या रडण्याच्या वेळी आवाज भरायच्या खोलीत झुरळ निघालं होतं. एका प्रसंगी त्यांनी मोठा श्वास घेतला आणि लगेच टीव्हीतल्या मुलीनेही घेतला. वाक्य आठवत नव्हतं, पण श्वास कुठे घ्यायचा ते चाळीस वर्षं छातीने लक्षात ठेवलं होतं. भांडणाच्या प्रसंगात त्या पुटपुटल्या, “किती घाई होती मला.” आणि मैत्रीण निघून जाते तिथे त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

शेवटचे दोन प्रसंग राहिले तेव्हा त्या सावरून बसल्या आणि म्हणाल्या की इथून पुढे मी नाही. धाकटीला वाटलं, आता उठतात की काय. पण त्या बसून राहिल्या. मुलगी वडिलांशी बोलली. मग सकाळ झाली, रस्त्यावर बस आली, मुलगी चढली, खिडकीशी बसली, आणि हॉल मागे मागे जात लहान झाला. ते गाणं सुरू झालं, ड्रम घुमला.

मावशी टीव्हीकडे बघतच राहिल्या.

“गेली?” त्या म्हणाल्या. “ती जाते?”

धाकटीने मान हलवली.

“मला वाटत होतं ती राहते,” मावशी म्हणाल्या. “वडिलांबरोबर राहते, हॉल चालवते. मला कुणी शेवट सांगितलाच नाही, आणि मी तसंच धरून चालले.”

 मग त्यांनी सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं. ताप उतरल्यावर त्यांना मोठ्या शहरातल्या स्टुडिओचं बोलावणं आलं होतं. कायमचं काम. घरातल्या कुणी अडवलं असं नाही. घरी विचारलंच नाही. त्यांच्या मनात ती बूट देणारी मुलगी होती, तीही राहिली होती, आणि राहण्यात काही वाईट नाही असं त्यांना वाटलं होतं.  पण मावशींच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. गणित चाळीस वर्षांनी तपासून कुणीतरी परत दिलं की माणूस जसा बघेल तशा त्या बघत होत्या.

“पुन्हा लाव गं ते शेवटचं,” त्या म्हणाल्या.

पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाल्या, “चांगलं केलंय तिने. माझ्याहून चांगलं. मला हे जाणं बोलता आलं नसतं.” मग थोड्या वेळाने, काहीशा ओशाळून, त्यांनी कबूल केलं की त्या मेहुणीवर त्यांनी इतकी वर्षं राग धरला होता. तिची चूक काही नव्हती. पण लग्नाकार्यात समोर आली तरी या नजर वळवायच्या.

“त्या आहेत अजून?” धाकटीने विचारलं.

आहेत की, मावशी म्हणाल्या. गाणं शिकवतात, एका कानाने कमी ऐकू येतं. नंबरही होता, कुणाच्या तरी आजारपणात घेतलेला, कधी न लावलेला. मामाने लगेच फोन लावा म्हटलं. आईने मामाला गप्प केलं. मावशींनी फोन हातात धरून बराच वेळ नुसता बघितला, नंतर धाकटीकडे दिला, कारण त्यांना आपला आवाज पुन्हा बसल्यासारखा वाटत होता. धाकटीने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर संत्र्यांच्या सालींमध्ये ठेवला.

“कोण बोलतंय? जरा मोठ्याने बोला,” पलीकडून आवाज आला. खोल, सावकाश. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मावशींनी आपलं नाव सांगितलं, मग स्टुडिओचं.  पलीकडची बाई इतक्या मोठ्याने हसली की दादा खुर्चीवरून उठून आत आला. तापाचं काय झालं, तिने विचारलं. उतरला, मावशी म्हणाल्या. पुढची दहा मिनिटं दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि एकमेकींचं अर्धंमुर्धं ऐकत होत्या. काम चांगलं केलंत हे मावशींना दोनदा ओरडून सांगावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला.

“मला काही कळलंच नव्हतं हो तेव्हा,” ती म्हणाली. “दोन कागद दिले हातात. बापाला सांगायचं आणि बसमध्ये बसायचं. ही पोरगी कोण, कुठली, कशाला चाललीय, कुणी सांगेल तर शपथ. सुरुवात काय होती त्याची?”

मावशींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने कॅसेट मागे घ्यायचं बटण दाबलं, पण मावशींनी हाताने थांबवलं आणि फोनवर वाकल्या.

“एक हॉल असतो,” त्या सांगू लागल्या, “चाकांचे बूट घालून घसरायचा. आणि काउंटरवर एक मुलगी बसलेली असते, तिला सगळ्यांच्या पायांचे नंबर पाठ असतात—”

पाठ नसतात, धाकटीने मधेच दुरुस्त केलं, वहीत लिहिलेले असतात. पलीकडून विचारणा झाली की ही मधे कोण बोलतेय. मावशी म्हणाल्या, ती सांगते तेच बरोबर, आणि फोन तिच्याकडे सरकवला. बाबांनी उठून पडदे उघडले, आई पुन्हा चहा ठेवायला आत गेली, आणि धाकटीने खुर्ची टेबलाजवळ ओढून, एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्या प्रसंगापासून सुरुवात केली.